भुलीची सुई

“मुंगी चावल्यासारखं वाटेल हं,” हे वाक्य डॉक्टरीणबाई वर्षानुवर्षं बायकांच्या तोंडावर फेकत आल्या होत्या. दंडात गर्भनिरोधक काडी बसवायची तर आधी तिथली कातडी बधिर करावी लागते, आणि भुलीचं ते औषध आत शिरताना आगीसारखं जळतं. मुंगी कसली, इंगळी! एक शिवणकाम करणारी बाई तर सुई अर्धी शिरल्यावर दंड हिसडून पळालीच. पदरात तीन पोरं, अंगात रक्त नाही. चौथं राहिलं तर जिवावरच बेतायचं.

“बाळंतकळा सोसतात, सुईचे कसले लाड?” मोठे डॉक्टर हसले.

“दाढेला भूल देताना खुर्चीचा हात कुणी उपटला होता, सर?” बाईंनी विचारलं.

मोठ्या डॉक्टरांचा हात नकळत गालाकडे गेला.

भुलीचं औषध आंबट, म्हणून ते झोंबतं. त्यात सोड्याचं इंजेक्शन मापात मिसळलं की आंबटपणा मरतो, हे बाईंनी वाचलं होतं. पण वाचलेलं दुसऱ्याच्या दंडावर कसं आजमावायचं? त्यांनी स्वतःच्याच बाह्या वर केल्या. “सिस्टर, एकात नुसतं, एकात मिसळलेलं. दोन्ही सावकाश. कुठलं कुठे, सांगायचं नाही.”

डाव्या दंडाला बाई “आई गं!” म्हणून किंचाळल्या.

उजव्या दंडाला टोचलं, जरा चुरचुरलं, आणि संपलं.

उजव्या दंडाला टोचलं, जरा चुरचुरलं, आणि संपलं.

शिवणवाली आज पुन्हा आली होती, जाऊबाईला बाहेर बाकावर बसवून. टेबलावर अंग चोरून पडली. “बाई, खरं सांगा.”

“टोचेल. थोडं जळेल. मागच्याइतकं नाही, मी स्वतः घेऊन पाहिलंय. तू थांब म्हणालीस की मी थांबेन.”

सुई शिरली. औषध जेमतेम सरकलं, तोच ती ओरडली, “थांबा!”

बाईंचा अंगठा जागीच थिजला. आता उठते की काय?

शिवणवालीनं डोळे उघडून सुईकडे पाहिलं, मग बाईंकडे. “थांबलात खरंच. हं, चालू द्या.”

बाईंनी अगदी हळू औषध सोडलं. दंड बधिर झाला, काडी बसली, पट्टी बांधली. बाईंनी तिचंच बोट धरून कातडीखालची काडी चाचपायला लावली.

शिवणवाली मान ताठ करून बाहेर गेली. दाराआडून तिचा आवाज आला, “जाऊबाई, मी नुसतं थांबा म्हटलं, तर डॉक्टर थांबल्या! उठा, आता तुमचा नंबर.”

आत डॉक्टरीणबाईंनी नवी सुई हातात घेतली. छाती अशी फुगली होती, जशी पदवी घेतानाही फुगली नव्हती.