डोळ्यावरचं अंगुस्तान

मी बोलतेय, पण कान जरा जवळ आणा. या जुन्या सिनेकॅमेऱ्याच्या पोटातली मी इवलीशी मोटर. लेन्समधल्या पोलादी पाकळ्या उघडायच्या आणि मिटायच्या, एवढंच माझं काम. कॅमेऱ्याच्या कपाळावर उजेड मोजणारा एक डोळा आहे. त्याला लख्ख दिसलं की मी पाकळ्या मिटते, अंधारलं की उघडते. दुसऱ्या कुणाचं ऐकायची मला सवय नाही.

एका शिंप्याच्या मुलीने आम्हाला हौसेने घरी आणलं. तिला लांबच्या गावी नोकरी लागली होती आणि जाताना वडिलांचा, अप्पांचा, कामात गढलेला चेहरा सोबत न्यायचा होता. पण अप्पा बसायचे खिडकीकडे पाठ करून. कापडावर उजेड खांद्यावरून यायला हवा ना! पहिली फिल्म धुऊन आली, भिंतीवर लावली. खिडकी झकास दिसत होती आणि तिच्यापुढे अप्पांचा नुसता काळा आकार. खिडकीच्या झगमगाटाने मी पाकळ्या मिटल्या होत्या.

"हा मी? मला वाटलं, कुणी कोट टांगून ठेवलाय!" अप्पा म्हणाले.

मुलीला हसू आलं नाही. "अप्पा, खुर्ची फिरवा ना जरा."

"फिरवतो की. शिवण वाकडी गेली तर गिऱ्हाइकाला तू तोंड दे."

जायच्या आदल्या दिवशी एकच फिल्म उरली होती. तिने कॅमेरा अप्पांच्या अगदी समोर, तिपाईवर लावला. अप्पा वैतागले.

"हा मेला डोळा सारखा रोखून बघतोय," असं टाचण्या ओठांत धरूनच पुटपुटत त्यांनी सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं धातूचं अंगुस्तान काढलं आणि त्या डोळ्यावर टोपीसारखं बसवलं.

डोळ्यापुढे मिट्ट काळोख. मी नेमाने पाकळ्या सताड उघडल्या. मुलगी कॅमेऱ्यातून बघत होती. मागची खिडकी पांढरीफटक झाली आणि अप्पा दिसले. ओठांतल्या टाचण्या, नाकावर घसरलेला चष्मा, दाढीचे खुंट, सगळं.

"अप्पा, ते काढू नका! काम करत राहा," ती म्हणाली.

फिल्म तिच्यासोबत गेली, कॅमेरा इथेच राहिला. "अप्पा, आता रोज दिसता," असं ती फोनवर म्हणाली, तेव्हा अप्पा बराच वेळ चष्मा पुसत बसले. कॅमेऱ्याचं बटण बंद करायचं आणि अंगुस्तान काढायचं, दोन्ही राहून गेलं. बॅटरी संपली, पाकळ्या होत्या तशा उघड्याच राहिल्या.

आता अप्पा नाहीत. मुलगी घर आवरायला आली आहे आणि तिने कॅमेरा हातात घेतला आहे. बाई गं, नवी बॅटरी घालायची तर खुशाल घाल. पण समोर तीच खिडकी आहे. अंगुस्तान तेवढं राहू दे. ते काढलंस, तर मला मिटावं लागेल.