धबधब्यासमोर काय म्हणाले

थोरल्या जाऊबाई लग्नाच्याच वर्षी धबधबा पाहून आल्या होत्या. "तिथे हे माझ्या कानात म्हणाले, तुझ्यासारखी कुणी नाही," हे त्यांनी मला वीस वर्षं भांडी विसळताना ऐकवलं. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शेवटी आम्हीही गेलो. एवढं पाणी एकदम कोसळताना पाहून माझे डोळे भरून आले. हातातला कठडा थरथरत होता. ह्यांनी कानाशी येऊन काहीतरी म्हटलं, पण त्या गर्जनेत मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

बसमध्ये विचारलं, तर म्हणाले, "चप्पल सांभाळ म्हणत होतो."

घरी जाऊबाई वाटच पाहत होत्या. "काय गं, काही बोलले का भावोजी?"

"तुम्हाला थोरले भावोजी म्हणाले तेच! अगदी स्पष्ट ऐकू आलं."

त्या घाईघाईने भांडी विसळायला बसल्या. पुन्हा धबधब्याचं नाव काढलं नाही.