पेरनच्या नावाआधी

कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात माणूस गेला की त्याच्या नावाआधी ‘पुअर’ लागतं. पुअर विल्मट. पुअर आजोबा. खिसा रिकामा असलेल्याला आम्ही कडका म्हणतो. माणसाला लावायचं ‘पुअर’ फक्त गेलेल्यांचं. बिचारा म्हणताना जीभ जशी मऊ होते, तशीच ती तेव्हा होते. आणि एकदा लागलं की ते निघत नाही.

पेरन होडीसकट वादळात हरवला, तेव्हा त्याच्या बायकोने, लव्हडेने, उंबऱ्यातच सांगून टाकलं, “माझ्या घरात तो शब्द कुणी काढायचा नाही. पेरन येणार आहे.”

भरती आली, ओहोटी गेली. त्याच्या होडीचं एक वल्हं किनाऱ्याला लागलं. लव्हडे ऐकेना. आम्ही शेजारणी जीभ आवरून बसायचो. एकदा थॉमझिन मावशी बोलून गेली, “यंदा अगदीच पुअर गं!” लव्हडेने असं पाहिलं, की मावशी घाईने म्हणाली, “अगं बाई, बटाट्याचं पीक गं, बटाट्याचं!”

सगळ्याजणी हसलो. पेरनची आई, केझाया, तेवढी हसली नाही. तिला रडायचं होतं. पण सून वाट बघतेय तोवर आईने कसं रडावं? म्हातारी खिडकीशी बसून राही, अन्न पुढे केलं की तोंड फिरवी. दिवसेंदिवस वाळत चालली होती.

त्या दुपारी मी केशराचे पाव घेऊन गेले, तर लव्हडे तिला विनवत होती.

“आई, एक घास.”

“पोट भरलंय गं.”

“कशानं? सकाळपासून नुसतं पाणी प्यायलात.”

केझायाचे ओठ हलले. तोच शब्द येऊ पाहत होता, तो तिने दातांखाली दाबला. लव्हडेने ते पाहिलं.

माझ्या टोपलीतला पाव तिने उचलला आणि नुसताच हातात धरला. मग अगदी हळू म्हणाली, “पुअर पेरन पावाचं वरचं कडक तेवढं खायचा, आई. मऊ माझ्यासाठी ठेवायचा.”

केझाया तिच्याकडे बघतच राहिली. “परत म्हण.”

“पुअर पेरन.”

“माझं लेकरू गं,” म्हणत म्हातारी तिच्या गळ्यात पडली. किती वेळ दोघी रडत होत्या. मी चुलीकडे तोंड करून उभी राहिले.

“मऊ ठेवायचा म्हणे!” हुंदक्यातूनच केझाया म्हणाली. “लहानपणी माझ्या ताटातलंसुद्धा पळवायचा, लबाड!”

लव्हडेने डोळे पुसले नाहीत. तिने पाव मोडला, आणि सासूने तोंड उघडलं.