तीन धारांचं पातं

अमरसिंहानं बाणाची पाती गोणपाटावर ओळीनं मांडली आणि परमेश्वरला जवळ बोलावलं. धारूरच्या डोंगरउतारावर त्याची ज्वारी हुरड्यात आली होती आणि नीलगायींचे कळप, गावच्या बोलीत रोही, ती रोज लोळवत होते. बंदुकीचा आवाज गावभर जातो, वनखात्याच्या कानावरही. म्हणून त्यानं धनुष्य मागवलं होतं. रोह्यांच्या वाटा ठाऊक असलेला माणूस हवा, म्हणून गुराखी परमेश्वर.

"सांग बे, रोही आडवा पाडायला यातलं कंचं?"

परमेश्वर उकिडवा बसला. त्याला रोह्यांशी काही देणंघेणं नव्हतं. त्याची करडी गाय परवा ओढ्यात मरून पडलेली सापडली होती, पोटावर तीन कोपऱ्यांचं भोक. घरात दुधाची तेवढीच गाय. वासरू अजून हंबरत होतं. कुणी लांडगा म्हणालं, कुणी तारेचं कुंपण. परमेश्वरच्या डोक्यात मात्र या धनुष्याचा किडा वळवळत होता, आणि आज त्याला सोक्षमोक्ष लावायचा होता.

पहिलं पातं रुंद, दोन धारांचं. दुसऱ्याला तीन धारा होत्या. त्यानं ते उचललं आणि हलकेच तळहातावर टेकवलं. तीन कोपरे उमटले.

"हे घ्या, मालक. लई तिखट दिसतंय."

"ते नको." अमरसिंहानं पातं त्याच्या हातातून काढूनच घेतलं. "त्यानं जनावर जागी पडत न्हाई. पार ओढ्यापर्यंत गेलतं तवा..."

तो थांबला. पाती उगाच सरळ करू लागला.

"कंचं जनावर, मालक?"

अमरसिंहानं मान वर केली नाही.

"तिन्हीसांजेला ज्वारीत नुसती करडी पाठ दिसली. रोहीच वाटला. तुमच्या गाईंच्या गळ्यात घंट्या असत्यात. मी थांबून ऐकलं बी. न्हाई वाजली." आता त्यानं परमेश्वरकडे रोखून पाहिलं. "कावून वाजली न्हाई बे?"

परमेश्वरच्या तोंडाशी आलेली शिवी तिथंच विरली. घंटी करडीच्या गळ्यातच होती. तिच्यात चिंधी त्यानं स्वतः कोंबली होती, दुसऱ्याच्या रानात चोरून चारायचं असलं की गुराखी कोंबतात तशी. मग तिला अमरसिंहाच्या ज्वारीत सोडून तो बांधापलीकडे बिडी ओढत बसला होता. ती ओढ्यात सापडली तेव्हा त्यानं आधी घाईघाईनं चिंधी काढली आणि मग तिच्या तोंडावरून हात फिरवला. या आठवणीनं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बोल की. कंचं घेऊ?"

परमेश्वरनं रुंद पातं त्याच्याकडे सरकवलं.

"हे घ्या. लागल्यावर पळायचे हाल तरी न्हाईत."