रोज रगडा

दिपेश सैन्याच्या प्रशिक्षणाला गेला आणि तिथे त्याचा मोबाइल जमा झाला, म्हणून मुरबे गावात आमच्या आळीला पुन्हा पत्रं येऊ लागली. त्याची आई, पुष्पलताबाई, मासे विकते. मी शेजारी राहतो आणि बोईसरच्या कॉलेजात मराठी शिकवतो, त्यामुळे लेखन-वाचन खातं आपोआप माझ्याकडे आलं.

'इथे रोज रगडा मिळतो,' असं त्याने लिहिलं होतं. फौजेत रगडा म्हणजे शिक्षा. कोपरांवर रांगायचं, उन्हात कोलांट्या मारायच्या. हे सांगायला मी तोंड उघडलं, तोवर पुष्पलताबाईंचा चेहरा उजळला होता.

"रोज? आनि पॅटिस?"

पोरगा तिथे उपाशी राहील, या एकाच भीतीने त्या त्याला सोडायला तयार नव्हत्या. तो गेल्यापासून स्वतःही धड जेवत नव्हत्या. मी तोंड मिटलं.

"पॅटिसचं काही लिहिलेलं नाही."

"मंग लिवा मास्तर, लाजू नको म्हनावं. सायबाकडं आनखी मागून घे."

मी इमानदारीने लिहिलं. प्रशिक्षण देणाऱ्या साहेबाचा विचार बाजूला सारून पत्र पेटीत टाकलं.

उत्तर आलं. 'आई, मागितला. साहेबांनी दुप्पट दिला. तुझी आठवण काढत सगळा संपवला.'

पुष्पलताबाईंनी पदराने डोळे टिपले.

"देवमानूस हाय. त्यांना लिवा, माज्या पोराला देता तसा तुमच्या पोरांनापन कोनीतरी पोटभर देऊ दे."