‘थ’ची गाठ

कुंचल्याच्या टोकाशी शाईचा एक थेंब जमत होता – काळा, फुगीर, पडायचं की नाही हे अजून न ठरवलेला – आणि आपण या थेंबाकडे श्वास रोखून बघतोय हे ललितच्या लक्षात आलं तेव्हा त्याला वाटलं, आता काही खरं नाही. पूर्वी त्याला थेंब दिसायचाच नाही. दिसायचं ते अक्षर. कागद कोरा असतानाच त्यावर येऊन बसलेलं, हाताने फक्त त्याच्यावरून फिरून यायचं. अक्षर आताही दिसत होतं. पण त्याच्या आणि हाताच्या मध्ये हे सगळं येऊन उभं राहायला लागलं होतं... थेंब, टोक, मनगट. त्याने श्वास सोडला, ‘थ’ची गाठ वळवायला घेतली, वळणावर कुंचला बारीक कापला, पुन्हा कापला, आणि कागदावर जे उमटलं त्याच्या कडेला करवतीसारखे दाते होते.

“धुळ्याला जेवशील ना? की डबा भरू?” स्वयंपाकघरातून दिपमालाचा आवाज आला. बायकोची शाळेत शिकवायला जायची घाई चाललेली होती.

“तिकडेच जेवेन.”

त्याने कागद ओला असतानाच ड्रॉइंग बोर्डाखाली सरकवला. तिथे असे बरेच कागद साठले होते. ती शाळेत गेली की तो ते फाडायचा, आणि कचऱ्याच्या डब्यात न टाकता पिशवीत घालून मेहरूणच्या तलावाकडे फिरायला जाताना कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत नेऊन टाकायचा – चोरीचा माल असल्यासारखा. पावसाळ्यापासून हे चालू होतं. आता थंडी पडली होती.

पुस्तकांची मुखपृष्ठं करणं हा त्याचा धंदा. जळगाव-धुळ्याकडचे लेखक आणि प्रकाशक त्याच्याकडे यायचे ते चित्रासाठी नाही, नावासाठी. ‘पुस्तकाचं नाव ललितच्या हातचं पाहिजे,’ असं म्हणायचे. फॉन्ट कुणीही लावतो. हाताने काढलेलं, त्या पुस्तकासाठीच जन्मलेलं अक्षर काढणारा या भागात तो एकटाच उरला होता, आणि इतकी वर्षं त्याला या ‘एकटाच’ शब्दाचा किती अभिमान होता! आता तोच शब्द रात्री उशाशी येऊन बसायचा. एकटाच.

धुळ्याच्या कुंदाबाईंचं पुस्तक त्याने घेतलं तेव्हा नाव ऐकूनच घेतलं होतं – ‘थांबा, जोडते’. कुंदाबाई धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, माणसाने हाताने फोन जोडून द्यायचा त्या काळात. त्या दिवसांच्या आठवणी त्यांनी लिहिल्या होत्या आणि स्वतःच छापून घेत होत्या. ललितने कामाला सुरुवात केली ती नेहमीसारखी, आधी शोधाशोध करून. इंटरनेटवर नुसत्या गोऱ्या बायका, कानाला यंत्र लावून हसणाऱ्या, ओठ रंगवलेल्या. धुळ्याच्या एक्स्चेंजचा एक फोटो मिळेना. शेवटी जळगावातच एका भंगारवाल्याकडे जुन्या स्विचबोर्डाची एक पट्टी मिळाली. काळी, धुळीने भरलेली, तिच्यावर ओळीने भोकं आणि प्रत्येक भोकाला पितळेची कडी. त्याने एका भोकात करंगळी घातली होती. एवढ्याशा भोकातून माणसं एकमेकांना मेलेल्यांच्या, जन्मलेल्यांच्या बातम्या सांगायची... त्या दिवशी फार महिन्यांनी त्याला कामाचा आनंद झाला होता. चित्र सुरेख जमलं. काळा बोर्ड, पितळेच्या कड्या, एकच दिवा पेटलेला. चित्र कॉम्प्युटरवर केलेलं. कॉम्प्युटर हाताची चूक पोटात घालतो. राहिलं होतं ते नाव.

आणि नाव ‘थ’पासूनच सुरू होत होतं.

बस एरंडोलच्या पुढे गेली तेव्हा तो मांडीवरच्या फाइलवर हात दाबून बसला होता. उजवा हात खाली, डावा वर. हे आता सवयीचं झालं होतं. फाइलमध्ये मुखपृष्ठाचा प्रिंट होता आणि त्यावर, शेवटी नाइलाजाने निवडलेलं, त्यातल्या त्यात कमी बिघडलेलं ते नाव. त्यासाठी त्याने कुंदाबाईंना सांगायला एक वाक्य तयार केलं होतं. अक्का, ही जी थरथर आहे ना, ती मुद्दाम आहे... तारेतून येणारा आवाज असा थरथरतो, तो मी अक्षरात आणलाय. वाक्य चांगलं होतं. पारोळा येईपर्यंत त्याचं त्यालाच ते पटायला लागलं. कुणी सांगावं, खरंच असेल तसं – माझ्या हाताला माझ्याआधी कळलं असेल काय हवं ते. आणि मग खिडकीबाहेर वेचून झालेल्या कपाशीची काळी झाडं पळत असताना त्याला एकदम जामनेरचा भिकन पेंटर आठवला. कॉलेजच्या सुट्ट्यांत ललित त्याच्याकडे अक्षरं शिकला होता. दुकानांच्या पाट्या रंगवायचा भिकन. दोरी न लावता, खडूची रेघ न मारता. आणि शेवटी शेवटी – बाजार समितीच्या भिंतीपुढे उभा भिकन, डाव्या हाताने उजवं मनगट धरून, आणि मागून कुणीतरी हसत म्हणालं होतं, सकाळी सकाळीच घेतली वाटतं. भिकन दारू प्यायचा नाही. त्याने मागे वळून बघितलं, काही म्हणाला नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही. ललित तिथेच होता. मला माहीत होतं तो पीत नाही. मी तरी काय बोलणार होतो... पण प्रश्न तो नव्हताच. प्रश्न हा होता की भिकनने तरी का सांगितलं नाही? एवढंच म्हणायचं होतं, हात कापतो माझा.

धुळ्यातच एका मज्जातंतूंच्या डॉक्टरांची दुपारची वेळ त्याने घेऊन ठेवली होती. जळगावात कुणी ओळखीचं भेटलं असतं म्हणून धुळे. तिथे जायचं की नाही हे मात्र ठरलेलं नव्हतं. याआधीही त्याने एकदा वेळ घेतली होती आणि गेला नव्हता.

धुळ्याच्या देवपुरात कुंदाबाईंचं घर पहिल्या मजल्यावर होतं. सत्तरी ओलांडलेल्या, ताठ, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. आवाज मात्र तिशीतला – स्वच्छ, प्रत्येक शब्द वेगळा. त्यांनी चहा आणला. ललितने कप डाव्या हाताने उचलला, आणि फाइल उघडायची वेळ आली तेव्हा प्रिंट काढून चटकन टेबलावर ठेवून दिला, हातात न धरता.

कुंदाबाई बराच वेळ बघत राहिल्या.

“हा बोर्ड...” त्यांनी पितळेच्या एका कडीवर बोट ठेवलं. “ललितभाऊ, हा कुठे सापडला तुम्हाला? आमचा तर सगळा भंगारात गेला.”

“तिथेच सापडला.”

त्या हसल्या. मग बोट नावावर गेलं, ‘थ’च्या गाठीवर थांबलं. “आणि हे असं का?”

ललितने वाक्य म्हटलं. तारेतून येणारा आवाज, थरथर, मुद्दाम. बसमध्ये ते चांगलं वाटलं होतं. इथे, या खोलीत, आपण दुसऱ्याच कुणाचं पाठ केलेलं म्हणतोय असं त्याला ऐकू आलं.

“थरथर कुणाच्या आवाजाची?” कुंदाबाईंनी विचारलं. “माझ्या? नाही हो. माझा आवाज कधी थरथरला नाही. तुम्ही सातवं प्रकरण वाचलंत का?”

त्याने वाचलं होतं – म्हणजे चाळलं होतं. त्यांनी ते ओळखलं असावं. रागावल्या नाहीत, सांगायलाच लागल्या. त्यांचा धाकटा भाऊ चुडामण तापीत पोहताना बुडाला, त्याची बातमी घेऊन आलेला ट्रंक कॉल त्यांनीच जोडला होता. घरी फोन नव्हता. कॉल होता शेजारच्या दुकानदाराच्या नावाने. लाइन नीट लागली की नाही ते ऑपरेटरने ऐकायचं असतं. त्यांनी ऐकलं. चुडामण गेला, घरी सांगा, असं पलीकडचा माणूस ओरडून सांगत होता.

“मी कान काढून घेतला. तेवढ्यात बोर्डावर पुढच्या कॉलचा दिवा लागला. मी म्हटलं, नंबर बोला. त्याने नंबर दिला. मी म्हटलं, थांबा, जोडते. असं ड्यूटी संपेपर्यंत. शेजारच्या खुर्चीवर लताबाई होती, माझी मैत्रीण. हात लांब केला असता तर लागला असता तिला. तिलाही नाही सांगितलं.”



“खूप वर्षं मला त्याचा अभिमान होता,” त्या म्हणाल्या. “लोक वाहवा करायचे, काय धीराची बाई. लिहायला बसले तेव्हा कळलं, धीर नव्हता तो. मला भीती वाटत होती. एकदा बोलले तर खरं होईल, अशी. आवाज थरथरला असता तर बरं झालं असतं, लताबाईने वळून तरी पाहिलं असतं. पण नाही थरथरला. मग पुस्तकावर खोटं कशाला? तुम्ही आपलं कॉम्प्युटरचं सरळ अक्षर टाका.”

कॉम्प्युटरचं सरळ अक्षर. हे वाक्य कधीतरी कुणीतरी म्हणेल या भीतीने त्याचे सहा महिने गेले होते. रात्री अंथरुणात त्याने ते निरनिराळ्या प्रकाशकांच्या तोंडून ऐकलं होतं. आता ते खरंच म्हटलं गेलं, दिवसाउजेडी, चहाच्या कपांवरून – आणि तो वाट बघत राहिला, आता कोसळेल, आता... काही कोसळलं नाही. उलट खांद्यातून काहीतरी उतरल्यासारखं झालं, इतकं सरळ, इतकं उघड की त्याला स्वतःचीच थोडी लाज वाटली. अरे, एवढंच? इतकी वर्षं ज्याला जीव म्हणत होतो ते काढून टाका म्हणाली बाई, आणि मला हलकं वाटतंय?

“हात कधीपासून हलतो?” कुंदाबाईंनी विचारलं. त्याच आवाजात, नंबर विचारावा तसं.

त्याने हात टेबलाखाली घेतला. “हात? नाही, ते जरा प्रवासाने...”

“कसाले दपाडस रे भो?” त्या म्हणाल्या. इतका वेळ नीटनेटकं बोलणारी बाई एकदम घरच्या अहिराणीवर आली, आणि अहोजाहोही गेलं. “मी बठ्ठं धुळं दपाडीसन बसनू व्हतू. काय भेटनं माले?”

त्याच्या आईची बोली. कशाला लपवतोस, सगळ्या धुळ्यापासून लपवून मला काय मिळालं – त्याला शब्द न् शब्द कळला. बारा-पंधरा वर्षांत त्याला कुणी ‘रे भो’ म्हटलं नव्हतं. त्याने हात वर काढला, प्रिंटशेजारी टेबलावर ठेवला. हात थरथरत होता. फार नाही, पाण्यावर वारा आल्यासारखा. दोघं त्याच्याकडे बघत राहिले.

“पावसाळ्यापासून,” तो म्हणाला.

“घरी?”

“कुणालाच माहीत नाही.”

कुंदाबाईंनी उपदेश केला नाही, धीर दिला नाही. चहा निवला होता तो आत नेऊन गरम करून आणला, आणि या वेळी कप त्याच्या उजव्या हाताकडे ठेवला. त्याने तो उजव्याने उचलला; थोडा चहा बशीत सांडला. त्याने बशीतला पिऊन टाकला.

पांझरा नदीच्या पुलाच्या अलीकडे रिक्षा थांब्याजवळ उभं राहून त्याने दिपमालाला फोन लावला. मधली सुट्टी होती. पलीकडे पोरांचा नुसता कल्ला.

“अगं, ऐक. मला डॉक्टरांकडे जायचंय.”

“काय? कुठे जायचंय?”

“माझा हात थरथरतो.”

“काही ऐकू येत नाही रे! मोठ्याने बोल!”

“हात!” तो ओरडला. “माझा उजवा हात थरथरतो! सहा महिने झाले! मला अक्षर काढता येत नाही!”

दोन रिक्षावाले वळून बघायला लागले. केळीच्या गाडीवरची बाई डझन तोडता तोडता थांबली. पलीकडचा कल्लाही कमी झाला होता – दिपमाला कुठल्यातरी खोलीत शिरली असावी – त्यामुळे शेवटचं वाक्य त्याने कारण नसताना ओरडून सांगितलं होतं. त्याला हसू आलं. किती विचार केला होता, कसं सांगायचं, कुठल्या शब्दांत, दिवे घालवल्यावर की जेवताना... आणि सांगितलं ते असं, भर रस्त्यात, भाजी विकावी तसं.

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

“सहा महिने,” ती म्हणाली. “तरीच गणपतीत मखराची अक्षरं माझ्याकडून कापून घेतलीस.”

“हो.”

“घरी ये. मी तुझ्याशी भांडणार आहे.”

“बरं.”

“आणि डॉक्टरांना सगळं सांग. कधी होतं, कशाने वाढतं, सगळं. तिथे कलाकार होऊ नकोस.” तिचा आवाज शेवटी जरा फाटला. “मी येऊ का? बस पकडते.”

“नको... ” तो म्हणाला, आणि मग, आपण हे का नाकारतोय ते न कळून, “ये.”

दवाखान्याच्या बाकावर गर्दी होती. त्याने नाव सांगितलं आणि भिंतीला टेकून बसला. समोर डॉक्टरांच्या नावाची पाटी होती. कॉम्प्युटरवर काढलेली, काना आणि मात्रा यांच्यातलं अंतर साफ चुकलेलं. ‘ज्ञ’चं पोट फुगलेलं. त्याच्या मनाशी आलं, हा ‘ज्ञ’ जरा डावीकडे झुकवायला हवा होता. मग त्याच्या लक्षात आलं की कित्येक महिन्यांत आपण अक्षराकडे असं नुसतं बघितलेलं नाही. प्रत्येक अक्षर समोर आलं की पहिला विचार यायचा, हे मला जमेल का. हा ‘ज्ञ’ त्याला काढायचा नव्हता. तो वाईट होता, एवढंच. आणि वाईट आहे हे दिसणं अजून शाबूत होतं. ते हातात नव्हतं तर. ते कुठे होतं?

आत काय निघेल, माहीत नाही. साधं असेल, नाहीतर ते दुसरं, ज्याचं नाव त्याने मोबाइलवर शोधून पुन्हा पुसून टाकलं होतं. भिकनला काय झालं होतं, कुणी विचारलंच नाही. ‘थांबा, जोडते’ला कुठलं अक्षर लावायचं? काहीतरी ठाम, ऑफिसच्या पाटीसारखं... आणि त्याच्या पुढच्या पुस्तकाला? ते त्याला दिसेना. पण न दिसणं आज बोचत नव्हतं. धुक्यात समोरचं झाड दिसत नाही तसं ते होतं, झाड गेलं असं नव्हे.

शेजारी धोतरातला एक म्हातारा बसला होता. कंपाउंडरने मघाशी त्याला उखर्डू आबा म्हणून हाक मारून थांबायला सांगितलं होतं. तो ललितकडे निरखून बघत होता. एवढा धडधाकट माणूस इथे कशाला, असं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर होतं.

“तुले काय हुयनं भाऊ?”

ललितने उजवा हात उचलला, त्याच्यासमोर हवेत धरला, आणि त्याला हवं तसं हलू दिलं.