पाय न टेकलेली धाव

मी एक जुनी होम प्लेट आहे. पांढऱ्या रबराची, पाच कोनांची, जेवणाच्या मोठ्या ताटाएवढी. मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी महाभित्री आहे. खिळ्यांचे बूट घातलेले धिप्पाड गडी जिच्या अंगावर घसरत येतात, तिनं भ्यायचं नाही तर कुणी भ्यायचं?

साच्यातून निघाले ती थेट मार्शफर्ड शहरात आले. तिथल्या बेसबॉल संघाचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. मैदान राखणाऱ्या एमेटनं मला मातीत पुरलं, तोंड तेवढं वर ठेवलं. फलंदाज माझ्याशेजारी उभा राहून चेंडू मारी, तिन्ही बेसना, म्हणजे मधल्या थांब्यांना, वळसा घालून परत येई आणि मला पाय लावी. तेव्हा कुठं धाव मिळे. पाय टेकला नाही आणि समोरच्या गड्यानं चेंडू हातात घेऊन आधी मला पाय लावला, तर सगळं धावणं पाण्यात!

दिवस चांगले होते. पंचसुद्धा वाकून मला छोट्या ब्रशनं झाडत. कारखान्यातली माणसं जेवणाचे डबे घेऊन येत आणि हरलो की ओरडत, "अरे बगळ्यांनो, दुसराही पाय टाका की खाली!" मग कारखाने बंद पडले आणि बाकडी ओस पडली. एके दिवशी मालकानं जाहीर केलं, "यंदा अजिंक्यपद मिळालं तर ठीक. नाहीतर संघ दुसऱ्या शहरात नेणार."

त्या दिवसापासून एमेटची शीळ बंद झाली. माझ्यावर पाणी मारताना तो पुटपुटे, "संघ गेला तर मी कुठं जाऊ गं? मला दुसरं येतंय काय?"

शेवटचा सामना आला. बरोबरी झालेली, एक धाव मिळाली की जिंकलो, आमचा एकच गडी बाद व्हायचा राहिलेला. लॉनी दुसऱ्या बेसवर होता. सगळ्या शहराचा लाडका. पुढच्या गड्यानं चेंडू लांब टोलावला आणि लॉनी सुटला. माझी छाती धडधडू लागली. हा आला, आला... आणि समोर हात पसरलेले सोबती बघून पठ्ठ्यानं आनंदानं उडीच मारली. माझ्यावरून! थेट त्यांच्या खांद्यावर!

अरे देवा! पाय लागलाच नव्हता.

टोप्या उडत होत्या, बायका रडत होत्या. मी ओरडत होते, पण रबराचं ओरडणं कोण ऐकणार? एमेटनं मात्र पाहिलं होतं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मोठ्यानं बोलावं तर समोरच्या संघाला कळायचं. तो दाताळं टाकून गर्दीत घुसला.

"लॉनी, खाली उतर!"

"अहो म्हातारबुवा, आज तरी नाचा की!"

"नाचतोय कसला? प्लेट, प्लेट!" तो दबक्या आवाजात म्हणाला.

लॉनीचं हसू जागच्या जागी विझलं. तेवढ्यात समोरच्या संघाचा कॅचर, म्हणजे माझ्यामागं बसून चेंडू झेलणारा गडी, माझ्याकडे वाकला. माझ्या झाडलेल्या अंगावर बुटाची एकही खूण नव्हती. त्यानं हातमोजा उंचावला, "चेंडू! इकडं टाक!" लॉनी सोबत्यांना ढकलत धावत सुटला. मला थंडी वाजल्यासारखं झालं. लवकर ये रे, लवकर!

कॅचरचा पाय आधी पडला. हातात चेंडू होता.

"बाद!" पंच म्हणाले.

धाव गेली, पुढच्या डावात सामना गेला आणि हिवाळ्यात संघही गेला. लॉनीला शहरात तोंड दाखवायची सोय उरली नाही. न्हावीसुद्धा विचारायचा, "खुर्चीत नीट बसणार, की वरून उडी?" शेवटी तो गाव सोडून गेला.

नव्या शहराची माणसं संघासोबत जुनी प्लेटही न्यायची, या रिवाजाप्रमाणे मला खणून न्यायला आली. कुदळ बघून मी गारठलेच. एमेटनं त्यांना कोरी प्लेट दिली आणि मला आपल्या मागच्या दारात बसवलं. पुढं तो दुसऱ्यांच्या अंगणातलं गवत कापू लागला. मी पायपुसणं झाले. चिखल, कुत्र्याची नखं, बर्फ. तरी कुणाचं पाऊल माझ्यावरून पलीकडं पडलं की अजून धस्स होतं.

बऱ्याच वर्षांनी एक पिकल्या केसांचा माणूस दारात आला. मी चाल ओळखली. लॉनी! त्यानं मला पाहिलं, मान खाली घातली आणि लांब ढांग टाकून माझ्यावरून आत जाऊ लागला. पुन्हा तेच! माझा जीव टांगणीला लागला.

एमेटनं त्याचा दंड धरला. "पाय टेकव, पोरा. आता कुणी बाद करत नाही."

लॉनीनं उचललेला पाय मागं घेतला. मग त्यानं माझ्यावर आधी एक पाय ठेवला, मग दुसरा, आणि लहान मुलासारखा रडला.

मित्रांनो, तुमच्या दारीही कधीतरी चूक करून गेलेला कुणी परत येईल. आत यायला तो तुमच्यापेक्षा जास्त भीत असेल. त्याला दारातच बाद करू नका.